घोड्याचं नाक वाचताना: निरोगी अस्तर, त्यातले मज्जातंतू आणि पंधरा मिनिटांची तपासणी

तुळशीचं लग्न लागलं की ठाणे-कळव्यातल्या वरातीच्या घोड्यांची उसंत संपते. अशाच एका हंगामात संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला कळव्याहून ओळखीच्या मोतद्दार मामांचा फोन आला. “डॉक्टरसाहेब, घोडी मान झाडतेय. तोंडावर झालर बांधू देत नाही. सात वाजता वरात आहे. एखादं इंजेक्शन देऊन शांत करा ना.”

जाऊन बघितलं तर घोडीला ताप नव्हता, चंदी तिने संपवली होती, पायही ठीक होते. फक्त डोकं वर-खाली झटकत होती आणि डावी नाकपुडी खांबाला घासत होती. घरातले सगळे म्हणत होते, माजली आहे. नाकपुडीत टॉर्च मारला तेव्हा आतल्या कडेवर एक बारीक, ताजा ओरखडा दिसला. जरीच्या झालरीतली एक तार सुटली होती आणि प्रत्येक वेळी मान हलली की तीच तिथे टोचत होती. त्यात तबेल्यात मुताचा उग्र वास, डोळ्यांना झोंबणारा. मी इंजेक्शन दिलं नाही. त्या रात्री वरातीला दुसरा घोडा गेला.

या प्रसंगानंतर मी ठरवलं की माझ्या भागातल्या प्रत्येक घोडामालकाला आणि मोतद्दाराला निरोगी नाक बघायला शिकवायचं. आजारी नाक सगळ्यांनाच दिसतं, कारण त्यातून शेंबूड येतो. निरोगी नाक कसं दिसतं, कसं लागतं, बोट लावल्यावर काय करतं, हे माहीत नसेल तर बिघाडाची सुरुवात हातातून निसटते. हा लेख त्यासाठीच आहे. त्यात नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, नावं येतील, पण परीक्षेसाठी पाठ करायची म्हणून नाही. कोणती नस काय काम करते हे कळलं की तपासणीची प्रत्येक पायरी आपोआप लक्षात राहते.

आधी एक गोष्ट पक्की करू

घोडा तोंडाने श्वास घेत नाही. त्याचा मऊ टाळू इतका लांब असतो आणि स्वरयंत्राभोवती असा घट्ट बसतो की तोंडातून फुप्फुसाकडे जायची वाट बंदच असते. कुत्रा धापा टाकतो, आपण सर्दीत तोंड उघडतो. घोड्याला तो पर्याय नाही. म्हणून नाकाचं अस्तर थोडंसं सुजलं तरी त्याची किंमत घोडा लगेच मोजतो. मे महिन्यातल्या ठाण्याच्या दमट हवेत तर अधिकच.

अस्तरात चार प्रकारच्या तारा

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, १८८६ सालापासून चालत आलेल्या त्या जागी, शिकत असताना घोड्याचं उभं चिरलेलं डोकं पहिल्यांदा बघितलं होतं. नाकपुडीपासून डोळ्यांच्या मागेपर्यंत लांबलचक बोगदा, मधोमध पडदा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आत आलेल्या कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या. एक वरची गुंडाळी, एक खालची आणि अगदी मागे एथमॉइड नावाच्या हाडाचा चक्रव्यूह. या सगळ्यावर अस्तर आहे. पुढे नाकपुडीशी ते जवळजवळ कातडीच असतं, मध्ये गुलाबी, ओलसर आणि सूक्ष्म केसांचं, आणि मागच्या टोकाला वास ओळखणारं.

या अस्तरात चार प्रकारच्या तारा, म्हणजे नसा, येतात: लागल्याचं कळवणारी, वास घेणारी, पाणी सोडणारी आणि रक्ताचा नळ आवळणारी. मी मोतद्दारांना याच शब्दांत सांगतो आणि ते त्यांना पटकन समजतं. आता एकेक तार कुठून येते ते बघू.

लागल्याचं कळवणारी तार म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणारी पाचवी नस. तिच्या तीनपैकी दोन फांद्या नाकात पोचतात. पहिली फांदी डोळ्याच्या खोबणीतून जाते. तिचा एक धागा खोबणीच्या भिंतीतल्या भोकातून परत कवटीच्या आत शिरतो आणि मग चाळणीसारख्या हाडातून खाली नाकात उतरतो. नाकात जायला कवटीतून वळसा! शिकताना मला हा रस्ता खरा वाटला नव्हता. हा धागा पडद्याच्या वरच्या भागाची आणि वरच्या गुंडाळीची संवेदना सांभाळतो. दुसरी फांदी वरच्या जबड्याची. तिचा मागचा धागा टाळूच्या वर असलेल्या एका छिद्रातून नाकात येतो आणि तिथे दुभंगतो: एक भाग खालच्या गुंडाळीकडे आणि तळाकडे, दुसरा मधल्या पडद्याकडे. त्याच फांदीचा मुख्य दोर मात्र जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून पुढे येतो, डोळ्याच्या खाली-पुढे असलेल्या छिद्रातून चेहऱ्यावर बाहेर पडतो आणि पंख्यासारखा पसरतो. वरचा ओठ, नाकपुडी आणि नाकपुडीच्या आतला पहिला भाग त्याच्याकडे. आमच्या घोडीला झालरीची तार टोचत होती ती जागा याच दोराच्या ताब्यातली.

या नसांची टोकं अस्तरात उघडी असतात. ती पेशींच्या थराखाली आणि काही तर पेशींच्या मधून वर आलेली असतात. त्यांच्यावर कवच नसतं. धूळ, थंड हवा, धूर, अमोनिया यांचा पहिला धक्का त्यांनाच बसतो. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते, जी प्रत्येक घोडेवाल्याने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ही टोकं फक्त मेंदूला निरोप देत नाहीत. एका फांदीला चटका बसला की निरोप मेंदूकडे जातोच, पण वाटेत तीच लहर शेजारच्या फांद्यांतून उलटी अस्तराकडेही येते आणि तिथे सबस्टन्स पी आणि सीजीआरपी नावाची प्रथिनासारखी रसायनं सुटतात. त्यांनी रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, ग्रंथींतून पाणी येतं. म्हणजे एकही जंतू नसताना, केवळ वासाच्या झणक्याने नाक वाहू शकतं आणि सुजू शकतं. अशा नाकाला प्रतिजैविकं देऊन काय होणार? तिथे फावडं घेऊन तबेला साफ करावा लागतो.

वास घेणारी तार वेगळी. ती पहिली नस. मागच्या चक्रव्यूहातल्या अस्तरातून तिचे शेकडो बारीक धागे चाळणीतून थेट मेंदूच्या पुढच्या टोकाला जातात. शिवाय पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक लांब, बारीक नळी असते. घोडी माजावर असली की घोडा मान उंच करून वरचा ओठ उलटा दुमडतो, ते या नळीत वास ओढण्यासाठी. गाई-म्हशींत ही नळी टाळूतून तोंडातही उघडते. घोड्यात तो रस्ता बंद असतो, म्हणून सगळं काम नाकातूनच.

पाणी सोडणारी तार म्हणजे परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक). ती सातव्या नसेबरोबर निघते, कवटीच्या तळातल्या बारीक बोगद्यातून पुढे येते आणि डोळ्याच्या खोबणीमागच्या खळग्यातल्या गँग्लियनच्या, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्याच्या, ठाण्यावर गाडी बदलून अस्तरातल्या ग्रंथींपर्यंत जाते. ग्रंथी ओल्या ठेवणं आणि रक्तवाहिन्या सैल करणं हे तिचं काम.

चौथी, रक्ताचा नळ आवळणारी अनुकंपी (सिम्पथेटिक) तार. हिचा प्रवास सगळ्यात लांबचा. ती छातीच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघते, मानेतून मोठ्या धमनीच्या सोबतीने वर चढते, गळ्याच्या वरच्या टोकाला गँग्लियनमध्ये थांबते आणि मग नाकात पोचते. घोड्यात हे गँग्लियन गटरल पाउच नावाच्या हवेच्या पिशवीला लागून असतं. अस्तराखाली शिरांचं दाट जाळं आहे आणि ते आवळून धरण्याचं काम या तारेचं. ती तुटली किंवा सुन्न झाली की जाळं रक्ताने भरतं, अस्तर फुगतं आणि वाट अरुंद होते. मानेवरच्या चुकीच्या इंजेक्शनने घोड्याचं नाक बंद होऊ शकतं असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण तार मानेतूनच जाते, त्याला काय करणार.

तपासणीची तयारी

वेळ सकाळची निवडा, खरारा आणि चंदी दोन्ही झाल्यावर. घोडा कामावरून आला असेल तर अर्धा तास थांबा. जागा सावलीची, पाठीमागे भिंत, समोरून वर्दळ नाही. ठाण्यात अशी जागा मिळणं अवघड, तरी शोधा. रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभ्या घोड्याच्या नाकपुड्या कधीच शांत नसतात. धरायला त्याचा नेहमीचा माणूस हवा. म्होरकी सैल असू द्या आणि तिची बकल गालावर रुतत नाही ना ते बघा. वरच्या ओठाला दोरी पिळून धरायची सवय अनेकांना आहे. या तपासणीत ती नको. ओठावर दाब आला की ज्या नसेची परीक्षा घ्यायची तीच बधिर किंवा हैराण होते.

सोबत एक छोटा टॉर्च, स्वच्छ हातमोजे, पातळ रुमाल, कापसाचा बोळा, थर्मामीटर आणि वही एवढंच घ्या. उभं राहायचं ते खांद्याला खांदा लावून. तोंडासमोर उभं राहू नका. घोडा डोकं झटकतो तेव्हा माणसाचे दात जातात.

पहिली पायरी: हात न लावता बघणं

चार-पाच पावलांवर उभे राहा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. विश्रांतीत निरोगी मोठा घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. दमट उन्हाळ्यात थोडे जास्त येतील. नाकपुड्या जवळजवळ स्थिर दिसल्या पाहिजेत. विश्रांतीत त्या प्रत्येक श्वासाला फुलत असतील तर पुढची तपासणी सोडा आणि डॉक्टरांना बोलवा.

मग तेवढ्याच लांबून, समोरून दोन्ही नाकपुड्यांची तुलना. आकार सारखा आहे? ओठ एका बाजूला ओढलेला तर नाही? नाकपुडी उघडझाप करणारी नस ट्रायजेमिनल नव्हे. ती सातवी, चेहऱ्याच्या स्नायूंची. तिची फांदी गालाच्या जाड स्नायूवरून अगदी कातडीखालून जाते. म्हणूनच बकलचा दाब किंवा बेशुद्धीत कडेवर पडलेल्या घोड्याच्या म्होरकीचा दाब तिला पुरतो. एका बाजूची ही नस गेली तर त्या बाजूची नाकपुडी लुळी पडते आणि मुस्कट दुसऱ्या, चांगल्या बाजूला ओढलं जातं. हे आधी बघून ठेवलं नाही तर पुढे बोट लावल्यावर नाकपुडी हलली नाही, ती लागलं नाही म्हणून की हलवता येत नाही म्हणून, हे सांगता येत नाही.

दुसरी पायरी: बाहेरून हात

मानेपासून सुरुवात करा, गालावर या, मग नाकाडावर. हळूच दोन्ही बाजूंच्या त्या छिद्राची जागा चाचपा जिथून मोठी नस बाहेर येते. सापडायची युक्ती अशी: डोळ्याखालून नाकाकडे येणारा गालाच्या हाडाचा जो उंचवटा आहे त्याचं पुढचं टोक एका बोटाने धरा, आणि नाकपुडीच्या मागे हाड जिथे खाचेत संपतं ती खाच दुसऱ्या बोटाने. दोघांच्या मधोमध, रेषेच्या किंचित वर, ओठ वर उचलणारा चपटा स्नायू बोटाने बाजूला सरकवला की छिद्राची कड लागते. निरोगी घोडा इथे हलका दाब सहन करतो. दोन्ही बाजूंना एकसारखा. एका बाजूला तो दचकून मान वर घेत असेल तर वहीत लिहा. दातांचं दुखणंही इथेच उमटतं, कारण वरच्या दाढांच्या नसा याच दोरातून जातात.

मग ओठावरच्या आणि नाकपुडीभोवतीच्या लांब केसांना बोट लावा, फक्त केसांना. ओठ थरथरला पाहिजे. लग्नाआधी घोडा नीट दिसावा म्हणून या मिशा कात्रीने साफ करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कृपा करून थांबवा. प्रत्येक केसाच्या मुळाशी नसांचं जाळं आहे. तोंडासमोरची जी जागा घोड्याला दिसत नाही ती तो या केसांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून असे केस कापलेल्या घोड्याला स्पर्धेत उतरायला बंदी केली आहे. वरातीच्या घोड्याला तेवढा मान मिळायला काय हरकत आहे?

तिसरी पायरी: हवा

हाताची मागची बाजू एकेका नाकपुडीसमोर धरा. दोन्हीकडून हवेचा झोत सारखा लागला पाहिजे, वास नसावा. एकीकडून झोत कमी असेल तर रुमालाच्या टोकाने खात्री करा. तो किती हलतो ते बघा. मग दुसरी नाकपुडी तळहाताने दोन-तीन श्वासांपुरती झाका. निरोगी घोडा एका नाकपुडीवर आरामात भागवतो, आवाज करत नाही.

चौथी पायरी: टॉर्च

अंगठ्याने नाकपुडीची बाहेरची कड अलगद वर-बाहेर उचला. वरच्या कोपऱ्यात बोट सरकवलं तर ते एका आंधळ्या पिशवीत जातं. ही खोटी नाकपुडी. ती पुढे कुठेच जात नाही. घोडा फुरफुरतो तेव्हाचा फडफड आवाज हिचाच. इथे मळ साचतो, ओल्या कापसाने पुसून घ्या.

खाली, तळावर, काळी-गोरी कातडी संपून गुलाबी अस्तर सुरू होतं त्या सीमेजवळ एक गोल, पंच मारल्यासारखं छिद्र दिसेल. दरवर्षी कोणीतरी मला घाबरून फोन करतं की नाकात भोक पडलंय. ते अश्रूंच्या नळीचं तोंड आहे. प्रत्येक घोड्याला असतं, कधी एकाच बाजूला दोनही असतात. त्याच्या आसपास दोन-चार थेंब स्वच्छ पाणी असणं हे तब्येतीचं लक्षण.

त्यापलीकडे मधला पडदा. रंग फिकट गुलाबी, पृष्ठभाग ओला आणि गुळगुळीत. लालभडक, निळसर, पिवळट, पांढरट यांपैकी काहीही दिसलं तर नोंद. गाठी, खड्डे, व्रण दिसले तर हात तिथेच थांबवा. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, ते आधी वाचा.

पाचवी पायरी: लागल्याची परीक्षा

ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी पायरी. घोड्याचा डोळा त्या बाजूने तळहाताने हलकेच झाका, म्हणजे हात येताना दिसणार नाही. हातमोजा घातलेल्या बोटाच्या टोकाने किंवा ओल्या कापसाच्या बोळ्याने आधी नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला स्पर्श करा. नाकपुडी आक्रसेल. मग आतल्या बाजूला, पडद्याच्या पुढच्या भागाला एकदाच, हलका स्पर्श. निरोगी घोडा डोकं मागे किंवा बाजूला घेतो, बहुतेक वेळा फुरफुरतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. कातडी आक्रसणं किंवा शिंकणं हा खालच्या मेंदूतला परस्पर व्यवहार आहे. डोकं मागे घेणं म्हणजे निरोप मोठ्या मेंदूपर्यंत पोचला आणि घोड्याला तो जाणवला. पडद्याची ही संवेदना विरुद्ध बाजूच्या मोठ्या मेंदूत नोंदवली जाते. म्हणून डाव्या पडद्याला लावलं आणि घोडा ढिम्म उभा राहिला, उजवीकडे मात्र झटक्यात मागे गेला, तर दोष डाव्या नसेत असेल किंवा उजव्या मेंदूत. तो निवाडा डॉक्टरांनी करायचा. तुमचं काम एवढंच की दोन्ही बाजू सारख्याच जोराने, सारख्याच जागी तपासणं आणि जे झालं ते लिहिणं. तीन वेळांपेक्षा जास्त नको. घोडा शिकतो, चौथ्या वेळी तो तुमच्या हाताला घाबरून मान फिरवेल आणि तुम्ही त्याला संवेदना समजाल.

इथेच मान झाडण्याच्या दुखण्याबद्दल. काही घोडे काम सुरू झालं की वीज लागल्यासारखं डोकं उभं झटकतात, नाक घासतात, फुरफुरत राहतात. अनेकांत ते ठरावीक ऋतूतच होतं. अशा घोड्यांच्या ट्रायजेमिनल नसेचा अभ्यास झाला तेव्हा नस दिसायला धडधाकट आढळली, पण तिला जागं करायला निरोगी घोड्यापेक्षा खूपच कमी उत्तेजना पुरत होती. म्हणजे वाऱ्याची झुळूकही त्यांना टोचत असावी. काहींना नाकावर जाळी बांधल्याने आराम पडतो. त्यांना चाबूक मारणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आधी नाक, दात, कान, डोळे तपासा. घोड्याच्या स्वभावावर बोट ठेवायची वेळ बहुधा येतच नाही.

सहावी पायरी: ओल आणि ऊब

ओल बघताना रुमाल नाकपुडीला टेकवा. पाण्याचा स्वच्छ डाग पुष्कळ. चिकट, पांढरा, पिवळा, दुर्गंधी किंवा एकाच बाजूचा स्राव म्हणजे डॉक्टर. अस्तर कोरडं, चिकटलेलं असेल तर आधी पाणी किती प्यायला ते विचारा.

ऊब बघण्यासाठी दोन्ही हात एकाच वेळी दोन्ही कानांच्या मुळाशी, मग दोन्ही गालांवर, मग मानेच्या वरच्या भागावर ठेवा. अनुकंपी तार एका बाजूला गेली असेल तर घोड्यात त्या बाजूचा चेहरा आणि मान गरम लागते, तिथे घाम येतो, वरची पापणी उतरते, पापणीचे केस खाली झुकतात आणि त्याच बाजूचं नाक आतून सुजतं. बाकी अंग कोरडं आणि अर्धी मान घामाने भिजलेली असं दृश्य एकदा बघितलं की विसरत नाही. मानेत शिरेबाहेर गेलेलं गुंगीचं औषध हे त्याचं एक कारण आणि ते सहसा काही तासांत उतरतं. गटरल पाउचचं दुखणं हे दुसरं, जास्त गंभीर. म्हणून मानेतलं इंजेक्शन शिकलेल्या हातांनीच द्यायचं. गुंगीत घोड्याचं डोकं फार वेळ खाली लोंबू देऊ नये, तेही याच हिशेबात: शिरांचं जाळं भरतं आणि नाक बंद होतं. अशा वेळी आम्ही हनुवटीखाली गासडी देतो.

सातवी पायरी: वास

घरगुती परीक्षा कच्चीच राहते. मूठभर चणे जाड फडक्यात गुंडाळून एका बादलीत, तसंच रिकामं फडकं दुसऱ्या बादलीत ठेवा आणि घोडा कुठे रेंगाळतो ते बघा. तिखट, झोंबणाऱ्या गोष्टी हुंगवून वासाची परीक्षा घेऊ नका. अमोनिया, बाम, कांदा यांचा झणका ट्रायजेमिनल नसेला लागतो. वास घेणारी तार पूर्ण मेलेली असली तरी घोडा मान मागे घेईल.

तबेल्यात काय बदलायचं

सकाळी दार उघडायच्या आधी आत जा आणि घोडा खातो त्या उंचीवर, म्हणजे उकिडवे बसून, दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर घोड्याच्या अस्तराचं रात्रभर काय झालं असेल ते कळतं. उभं राहून हे समजत नाही, आणि रोज तिथे काम करणाऱ्याच्या नाकाला तर सवय झालेली असते, शेजाऱ्याला बोलवा. ओला पेंढा रोज काढा, मुताला उतार द्या. वास मारायला चुना टाकतात तो उलटा पडतो: क्षार वाढला की मुतातला अमोनिया आणखी सुटतो. फिनेल शिंपडून लगेच घोडा आत बांधणं हेही तसंच.

पावसाळ्यात आपल्याकडे गवत चार दिवसांत बुरसतं. बुरशीचं गवत वाळवून परत घालू नका. बुरशीचे कण वाळल्यावरच जास्त उडतात. चांगलं पण धुळीचं गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून लगेच खायला द्या आणि उरलेलं फेका, कारण आपल्या उष्म्यात भिजलेलं गवत आंबतं. तोबऱ्यात कोरडा कोंडा बांधून घोड्याला तासन्‌तास उभं करणं बंद करा. खायला जमिनीवर द्या. डोकं खाली गेलं की अस्तरावरचे सूक्ष्म केस आणि गुरुत्वाकर्षण मिळून चिकटा बाहेर लोटतात. टेम्पोतून पनवेल-भिवंडी करताना डोकं वर बांधून नेता, तेव्हा हे काम बंद पडतं आणि घाण खाली फुप्फुसाकडे उतरते. लांबच्या वाटेला थांबून डोकं मोकळं सोडा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याच्या बाजूला रात्री रसायनांचा वास येतो ही तक्रार माणसांचीही आहे. वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूची खिडकी रात्री बंद, समोरची उघडी, एवढं तरी आपल्या हातात आहे. आणि वरातीत? फटाक्यांची माळ घोड्याच्या पुढे किमान बँडच्या पलीकडे. झालर बांधण्याआधी तिच्या प्रत्येक टोकावरून बोट फिरवा. परफ्यूमचे फवारे घोड्याच्या तोंडावर उडवू देऊ नका.

नाकातून औषध, तेल, काढा ओतणं मात्र कोणत्याही कारणाने नको. ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्या न्यूमोनियातून घोडे वाचत नाहीत असा अनुभव आहे. पोटात नळी घालायची असली तर आम्हीसुद्धा ती बोटाने दाबून तळाच्या वाटेनेच नेतो, कारण वर सरकली आणि चक्रव्यूहाला लागली की रक्ताची धार लागते.

हात थांबवायची जागा

पडद्यावर गाठी, फुटलेले खोल व्रण, चिकट पिवळसर-हिरवट स्राव, पायांवर किंवा अंगावर दोरीसारख्या गाठी: हे ग्लँडर्स असू शकतं. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. हातमोजे त्या घोड्याजवळच काढा, हात साबणाने धुवा, घोडा वेगळा बांधा, त्याची बादली-तोबरा वेगळा करा, कोणाला जवळ जाऊ देऊ नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याने हे कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने तपासायला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारखी जागा देशात आहे. लपवून घोडा विकणं म्हणजे पुढच्या मालकाच्या घरात मरण पाठवणं आहे.

वहीचं पान

घोडबंदर रोडवरून रोज लाखो माणसं जातात. खाडीच्या त्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आज ठाण्यात उरलेले घोडे मोजकेच, म्हणून प्रत्येकाचं एक पान ठेवणं काही अवघड नाही. घोडा निरोगी असताना लिहा: तारीख, श्वास, ताप, डावी-उजवी हवा, पडद्याचा रंग, अश्रूंच्या छिद्राची जागा, स्पर्शाला त्याने काय केलं, मिशा हलल्या का, कान आणि गाल सारखे गरम होते का. जमल्यास मोबाइलवर दोन्ही नाकपुड्यांचा टॉर्च लावून फोटो काढा आणि फोटोवर डावी-उजवी लिहा. हे विसरलं की फोटो वाया. महिन्यातून एकदा, आणि लग्नाच्या हंगामात दर आठवड्याला.

कळव्याच्या मामांची वही आता तिसरी आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी रात्री नऊला फोन केला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, उजव्या बाजूने हवा निम्मी, उजवा कान गरम, मानेच्या उजव्या बाजूला घाम, पापणी खाली. सकाळी कोणीतरी मानेत सुई दिली होती. श्वास १८.” मी चप्पल घालता घालताच त्यांना सांगितलं की घोडीचं डोकं वर धरून ठेवा, मी निघालोय.